‘या वयात कशाला?’

मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन झालं, आठवडाभरानं काळा चष्मा काढला आणि मी बेसिनवरच्या आरशात पाहिलं. मोतीबिंदू हळूहळू पिकत जातो, डोळ्यांपुढे पिवळसर पडदा धरत जातो आणि तो धरलाय हे आपल्याला कळतही नाही. त्या दिवशी भिंत एकदम पांढरीशुभ्र दिसली, नळावरचे पाण्याचे डाग दिसले आणि त्यांच्या वर माझा चेहरा दिसला. ओठांच्या कडांपासून हनुवटीकडे उतरलेल्या दोन खोल रेषा, दोन्ही गालांवर वांग, मानेवर चामखिळींची ओळ, हनुवटीवर तीन जाड केस, त्यातला एक पांढरा. मी ६२ वर्षांची आहे. हा चेहरा निदान पाच-सहा वर्षं असाच असणार. लोक तो रोज बघत होते, मी आज बघत होते.

वाईट वाटलं, हे मी खोटं सांगणार नाही. म्हातारपण आल्याचं नाही वाटलं वाईट, ते आलेलं माहीतच होतं. आतून मला जेवढं बरं वाटत होतं, तेवढं बाहेरून दिसत नव्हतं, याचं वाटलं. दुपारी जेवताना मी सहज म्हटलं, “एकदा त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं म्हणते.” माझी मुलगी मायेनंच म्हणाली, “आई, या वयात कशाला? छान दिसतेस की.”

याच घरात दोन महिन्यांपूर्वी माझ्या डोळ्यात कोणती लेन्स बसवायची यावर तीन संध्याकाळी चर्चा झाली होती. साधी की भारी, देशी की परदेशी. तेव्हा ‘या वयात कशाला’ असं कोणी म्हटलं नाही. गुडघे बदलणाऱ्या बाईला कोणी म्हणत नाही. कवळी बसवणाऱ्या बाईलाही नाही. खरं तर कवळीनं चेहऱ्यात जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच इंजेक्शननं पडत नसेल. बसलेले गाल भरतात, आत गेलेले ओठ पुन्हा जागेवर येतात, बोलणं सुधारतं, बाई हसायला लागते. त्याला आपण उपचार म्हणतो. हनुवटीवरचे केस काढून घ्यायला गेली की ते मात्र नटणं ठरतं. ही रेघ कोणी आखली आणि कुठे आखली, हे मला कोणी नीट सांगितलेलं नाही. पुरुषांसाठी तर ती आखलेलीच नाही. साठी ओलांडलेले कितीतरी गृहस्थ लग्नाच्या हॉलमध्ये कलप लावून, मिशीही काळी करून बसलेले असतात आणि लोक म्हणतात, ‘तब्येत छान ठेवली आहे.’

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. उतारवयातल्या बाईनं चेहऱ्यावर उपचार घ्यावेत की नाहीत, हा तिचा प्रश्न आहे. पण ‘या वयात कशाला’ असं विचारून आपण तिला जी लाज वाटायला लावतो, ती लाज तिच्या जिवावर बेतू शकते. उपचारांपेक्षा ती लाज जास्त धोक्याची आहे. मी हे माझ्या नणंदेच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

त्याआधी थोडं मागे जाते. वय झालेल्या बाईच्या, त्यातून विधवेच्या, केसांवर आणि कपाळावर समाजाचा हक्क, ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. केशवपन म्हणजे तरी काय होतं? बाईनं आता कोणाच्या नजरेत भरू नये, याची वस्तऱ्यानं केलेली सोय. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून संप केला. त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं उलटल्यावर, ४ मे २०२२ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेला ठराव करावा लागला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी आणि मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हे करावं असं सांगितलं. परिपत्रक काढावं लागलं, याचा अर्थ प्रथा जिवंत होती. कपाळ कसं असावं, केस कसे असावेत, अंगावर कोणता रंग असावा, हे ठरवायचा अधिकार बाईकडे येता येता इतकी वर्षं गेली आणि अजून तो पुरता आलेला नाही. ‘या वयात कशाला’ हा प्रश्न मला त्याच घराण्यातला वाटतो. आता त्याच्या हातात वस्तरा नाही, एवढाच फरक.

माझी नणंद ६७ वर्षांची. नाशिकला असते, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. मी तिला वन्संच म्हणते. २०१६ मध्ये तिचे यजमान गेले. तिनं टिकली काढली नाही, छोटी काळी लावत राहिली, तेवढ्यावरूनही नातेवाइकांत कुजबुज झाली. गेल्याच्या आदल्या दिवाळीत ती आमच्याकडे राहायला आली. सकाळी गॅलरीत उन्हात चहा घेताना मी तिच्याकडे पाहिलं आणि दचकले. गाल लालबुंद, त्यावर बारीक लाल शिरांचं जाळं, त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. कानशिलाजवळ आणि ओठांवर लव वाढलेली. ती सारखी गालाला हात लावत होती, चहाची वाफसुद्धा तिला सोसत नव्हती.

“वन्सं, हे काय झालंय? कधीपासून?”

ती काहीच बोलली नाही. दुपारी सगळे झोपल्यावर तिनं पर्समधून रुमालात बांधलेली डबी काढली. पांढरी, प्लॅस्टिकची, अंगठ्याएवढ्या झाकणाची. नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही, आत काय आहे ते नाही. घराजवळच्या एका पार्लरमधली बाई ती तिला दीड वर्षापासून देत होती. ‘काकू, रात्री लावा, ग्लो येईल.’ पहिले दोन महिने खरोखरच आला. वांग फिकं झालं, चेहरा गुळगुळीत झाला, भिशीतल्या बायका म्हणाल्या, ‘तरुण दिसायला लागलात.’ मग दोन रात्री लावायचं राहिलं तर आग व्हायला लागली. आग झाली की पुन्हा लावायचं, लावलं की शांत. असं करता करता दीड वर्ष गेलं.

हे स्टेरॉइडचं काम असतं. स्टेरॉइडचं मलम सूज उतरवतं, लाली घालवतं, रंगही उतरवतं, म्हणून सुरुवातीला जादू वाटते. महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावलं की त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, केस वाढतात आणि थांबवलं की चेहरा पेटतो. हा प्रकार देशात इतका पसरला, की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८ साली केंद्र सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी मात्र वांगावर लावायची ट्यूब मेडिकलमधून सरळ नाव सांगून आणतात. ते तीन औषधं एकत्र केलेलं मलम असतं, त्यात स्टेरॉइडही असतं. त्वचेचे डॉक्टर ते मोजक्या आठवड्यांसाठी देतात आणि वेळेवर बंद करतात. मावशी चार वर्षं लावत आहेत. त्यांना चिठ्ठी कोणी विचारली नाही. चेहऱ्याची काळजी ही शहरातल्या सुखवस्तू बायकांचीच चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी सकाळी आठ वाजता एखाद्या वस्तीतल्या मेडिकलच्या दुकानाशी पंधरा मिनिटं उभं राहावं.

वन्संना मी विचारलं, “तुम्ही अख्खी शाळा चालवलीत. पोरांच्या डब्यात काय आहे ते उघडून बघायचात. मग या डबीत काय आहे हे का नाही विचारलंत? डॉक्टरांकडे का नाही गेलात?”

ती म्हणाली, “दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटलं असतं. काय सांगणार होते? हे गेले, आणि ही बाई चेहरा उजळून घ्यायला आली? पार्लरमध्ये निदान भुवया करायला आले असं सांगता येतं.”

मला पुढे बोलवेना. चाळीस वर्षं हजारो मुलांसमोर ताठ उभी राहिलेली बाई एका डबीसाठी मागच्या दारानं जात होती, कारण पुढच्या दारात लोक होते.

लाज काय काय करते ते बघा. लाज वाटणारी बाई बिल मागत नाही. डबीवर लेबल का नाही, हे विचारत नाही. घरच्या डॉक्टरांना सांगत नाही, मुलाला सांगत नाही. बिघडलं तर तक्रार करत नाही, कारण तक्रार करायची म्हणजे आधी आपण काय करत होतो ते सांगायचं. आणि हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं. ज्या गिऱ्हाइकाचं तोंड बंद असतं, त्याच्या गळ्यात काहीही मारता येतं.

स्टेरॉइडवर हे थांबत नाही. अकोल्यात एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं २०२३ च्या सुरुवातीला बातम्यांत आलं होतं. एकाच घरातल्या तिघी कशा आजारी पडल्या याचा माग काढताना मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम भागातल्या डॉक्टरांनाही गोरं करणाऱ्या क्रीममुळे मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण आढळले. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटपट उजळतो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी खराब करतो. आपल्या कायद्यानुसार चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये पारा वापरायचा नाही. नकळत आला तर दहा लाख भागांत एक भाग, एवढीच मुभा. पण लेबलच नसलेल्या डबीला कायदा कुठून लागणार? साठीनंतर मूत्रपिंडाची ताकद तशीही कमी झालेली असते. त्यात मधुमेह, रक्तदाब. वीस वर्षांच्या मुलीला बाधणारी गोष्ट आजीला जास्तच बाधते.

म्हणून मी म्हणते, उजेडात जा. चेहऱ्याची तक्रार घेऊन नीट डॉक्टरांकडे गेलेल्या बाईचं दिसणं सुधारो न सुधारो, अनेकदा तब्येत सुधारते. मानेच्या मागचा मखमलीसारखा काळपटपणा बायका ब्लीच करतात, घासतात. तो बहुतेक वेळा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो आणि साखर तपासायला हवी असते. केस गळतात म्हणून तेलं बदलतात, मूळ कारण अनेकदा थायरॉइड किंवा लोहाची कमतरता असतं. एकच पापणी अचानक उतरली तर ते वय नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवेत. दोन्ही पापण्यांची कातडी इतकी लोंबली की वरचं दिसेनासं झालं, तर पापणीचं ऑपरेशन हा नजरेचा उपचार आहे. वाढणारा, रंग बदलणारा तीळ किंवा महिनोन्‌महिने न भरणारी जखम लेझरनं उडवायची नसते, आधी तपासायची असते. पार्लरमधली मुलगी कितीही हुशार आणि प्रामाणिक असो, हे तिला शिकवलेलं नसतं.

माझंच सांगते. मी गेले. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चेहऱ्याला हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? ती मी घेते, आणि अशा गोळीवर चेहऱ्यात इंजेक्शन घेतलं तर काळं-निळं होतं. साखर किती? ओठांवर कधी तापाचे फोड येऊन गेलेत का? पाळी कधी गेली? मग त्यांनी जे समजावलं ते मला ४७ व्या वर्षी कोणीतरी सांगायला हवं होतं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळपास ३० टक्के कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, निघून जातं, पुढे दर वर्षी आणखी साधारण २ टक्के. बायका म्हणतात ना, ‘पाळी गेली आणि चेहरा उतरला’, ते शब्दशः खरं आहे. खालची चरबी सरकते, जबड्याचं हाड झिजतं, दात पडले असले तर आणखीच. इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी झाल्यानं हनुवटीवर जाड केस येतात. यात बाईनं काही चुकवलेलं नसतं, दुर्लक्षही केलेलं नसतं.

चामखिळी त्यांनी तिथेच जाळून काढल्या. काळ्या केसांवर लेझर चालेल, पांढऱ्यावर नाही, कारण लेझर केसातल्या रंगावर काम करतो, हे स्पष्ट सांगितलं. रात्री लावायला ट्रेटिनॉईन हे वांग आणि सुरकुत्यांवरचं मलम, आठवड्यातून दोनच दिवसांपासून सुरुवात, आणि सकाळी सनस्क्रीन. सनस्क्रीनबद्दल मला शंका होती, आता लावून काय उपयोग? ऑस्ट्रेलियात नॅम्बर या गावी ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला होता. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढणं इतरांपेक्षा २४ टक्के कमी होतं. माझं वय त्या अभ्यासाच्या पुढचं आहे. पण वांग उन्हानं गडद होतं, त्यामुळे ऊन अडवल्याशिवाय बाकीच्या औषधाचा पैसा पाण्यात, हे मला पटलं. या दोन ट्यूबांचा महिन्याचा खर्च आमच्या घरच्या केबल आणि इंटरनेटएवढा आहे.

बोटॉक्सचाही विषय निघाला, मीच काढला. त्याच्याबद्दल बायकांत एक तर भीती असते नाहीतर आंधळा विश्वास, म्हणून थोडं सांगते. हे औषध आहे, प्रसाधन नाही. एका जिवाणूच्या विषापासून केलेलं, अतिशय कमी मात्रेत स्नायू सैल करणारं. डोळ्यांच्या आजारांसाठी ते आधीपासून वापरात होतं. १९८७ साली कॅनडात व्हँकुव्हरला नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स ते पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारावर देत असताना रुग्णाच्या भुवयांमधल्या आठ्या गेलेल्या दिसल्या, आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं. अमेरिकेत त्या आठ्यांसाठी त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. जाणकार हातानं, योग्य मात्रेत दिलं तर ते बऱ्यापैकी सुरक्षित आहे. तीन-चार महिन्यांनी परिणाम जातो. फिलर ही वेगळी गोष्ट. ते जेल असतं, खाली गेलेली जागा भरतं, आणि नाकाजवळ किंवा भुवयांमध्ये चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडू शकते, डोळा जाऊ शकतो. हे क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांचा हिशेब असतो. जेल विरघळवणारं औषध त्या खोलीत हाताशी असावं लागतं आणि ते वापरता येणारा माणूसही.

बोटॉक्सच्या पैशाचाही हिशेब मांडते, कारण जाहिरातीत तो एका वेळचाच सांगतात. भुवयांमधल्या आठ्यांना २० युनिट, कपाळाला २०, दोन्ही डोळ्यांच्या कडांना मिळून २४, म्हणजे ६४ युनिट. युनिटमागे ३०० रुपये धरले तर १९,२०० रुपये. वर्षातून तीनदा म्हणजे ५७,६००. वर १८ टक्के जीएसटी, कारण दिसण्यासाठीच्या उपचारांना आरोग्यसेवेची सूट नाही. झाले जवळपास ६८,००० रुपये, दर वर्षी. आरोग्य विमा यातला एक रुपया देत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची दुरुस्ती सोडली तर कॉस्मेटिक उपचार विम्यातून वगळलेले असतात. मी तूर्त नको म्हटलं. तत्त्व म्हणून नव्हे. मला त्या पैशात भावंडांना घेऊन कोकणात जायचं होतं. माझ्या एका मैत्रिणीनं बोटॉक्स घेतलं, तिला आनंद झाला, तिच्या कपाळावरची आठी गेल्यावर नातवंडं ‘आजी रागावली आहे का?’ असं विचारायची थांबली. मला तिचा निर्णय माझ्याइतकाच बरोबर वाटतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. माझ्या तरुणपणी स्त्रीमुक्तीच्या शिबिरांत आम्ही तो स्वतः मांडला आहे. कोणी म्हणेल, ही निवड खरी निवड नाही. बाजार आधी बाईला तिचा चेहरा नकोसा करतो आणि मग तोच तिला उपाय विकतो. आज दहा जणींनी आठ्या घालवल्या तर उद्या अकरावीच्या आठ्या आळस ठरतील. खरं आहे हे. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीनं गोरं म्हणजे चांगलं हे आमच्या पिढीच्या डोक्यात घट्ट बसवलं. २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं, डोक्यातलं मात्र निघालेलं नाही. वन्संना डबी दिली गेली तीही ‘ग्लो’ म्हणूनच. पूर्वी बाईला सांगितलं गेलं की वय झालं, आता दिसू नकोस. आता सांगितलं जातं की दिस, पण वय दिसू देऊ नकोस. दोन्ही वेळी तिचा चेहरा तिचा नाहीच.

पण मग याचा भार कोणी उचलायचा? बाजाराशी लढा साठ वर्षांच्या बाईच्या कपाळावर का लढायचा? तिनं सुरकुत्या मिरवून क्रांती करावी, ही अपेक्षाही तिच्या चेहऱ्यावरची आणखी एक आज्ञाच आहे. टीव्हीवर, काउंटरवर, स्वागतकक्षात वय दिसणाऱ्या बायका ठेवायच्या की नाहीत, हे ठरवणारे दुसरेच असतात. प्रश्न त्यांना विचारा. माझ्यापुरती मी एक रेघ ओढली आहे. ताजं दिसावंसं वाटणं वेगळं आणि गोरं व्हावंसं वाटणं वेगळं. थकलेला चेहरा तरतरीत करून घ्यायला जी येते तिला मी समजू शकते. जो रंग बदलून देतो म्हणतो, शिरेतून ग्लुटाथायोन देतो म्हणतो, त्याच्या दारात पाऊल ठेवू नका असंच मी सांगेन. त्वचा उजळण्यासाठी त्या इंजेक्शनला आपल्याकडे मान्यता नाही. मुलाच्या लग्नाला पंधरा दिवस उरले असताना कोणताही नवा उपचार करू नका. आणि हप्त्यावर चेहरा घेऊ नका. हप्ते संपायच्या आधी परिणाम संपतो.

मग समाज म्हणून विचारायचा प्रश्न कोणता? हात कोणाचा आहे, आत काय आहे, बिघडलं तर जबाबदार कोण. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया आणि केसरोपण यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. हे काम योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायचं, आणि कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं त्यात म्हटलं आहे. देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेला हे लिहावं लागलं, यावरून बाहेर काय चाललं असेल ते समजा. आमच्या रस्त्यावर दोन किलोमीटरमध्ये ‘स्किन’ आणि ‘एस्थेटिक’ नावाच्या अकरा पाट्या मी मोजल्या. त्यातल्या चारांवर कोणा डॉक्टराचं नाव नाही. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पदवी काही महिन्यांच्या कोर्सनंतरही नावापुढे लावली जाते. ती वैद्यकीय पदवी नाही.

माझी मागणी साधी आहे. पाटीवर डॉक्टरांचं नाव, पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक ठळक असायला हवा. पार्लरमधल्या प्रत्येक डबीवर लेबल हवं, आणि नसेल तर अन्न व औषध प्रशासनानं ती उचलावी. इंजेक्शनची कुपी गिऱ्हाइकासमोर उघडली जावी, बॅच क्रमांक आणि तारीख तिला वाचायला मिळावी. बोटॉक्सची कुपी दोन ते आठ अंशांत थंड ठेवावी लागते, ती ड्रॉवरमधून निघाली तर उठून यावं. पक्कं बिल घ्यावं, कारण त्याच्याशिवाय ग्राहक आयोगात उभं राहणं अवघड जातं. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं आहे, पण हातात कागद तर हवा. आणि सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांतल्या त्वचा विभागात पन्नाशीच्या पुढच्या बायकांना ‘हे काय घेऊन आलात’ अशा नजरेनं न बघता तपासलं जावं. आमच्या मावशी तिथे एकदा जाऊन आल्या. रांगेत तीन तास उभ्या राहिल्या, आत गेल्यावर कोणीतरी म्हणालं, ‘वांगच आहे ना, मग काय एवढं?’ त्या परत मेडिकलवर गेल्या.

वन्संना मी माझ्या डॉक्टरांकडे नेलं. डबी बंद केल्यावर पहिले सहा आठवडे फार वाईट गेले. चेहरा भाजल्यासारखा, रात्री ओला रुमाल गालावर ठेवून बसायची. सावरायला आठ महिने लागले. शिरांचं जाळं पूर्ण गेलेलं नाही, जाणारही नाही असं डॉक्टर म्हणाल्या. त्या आठ महिन्यांत तिनं मुलाला सांगितलं. तो चिडला, पण तिच्यावर नाही.

या संक्रांतीला त्यांच्या कॉलनीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला तिलाही बोलावलं. पहिल्यांदाच. तिळगूळ वाटून झाल्यावर कोणीतरी विचारलं, चेहऱ्याला काय झालं होतं? पूर्वी तिनं ऊन लागलं म्हणून सांगितलं असतं. या वेळी तिनं खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, डबी, पार्लर, स्टेरॉइड, पारा, बिल. वर्गात सांगावं तसं. त्या वेळी कोणी काही बोललं नाही. रात्री तिचा फोन वाजायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच जणींनी व्हॉट्सअपवर आपापल्या डब्यांचे आणि ट्यूबांचे फोटो पाठवले होते. सगळ्यात मोठी ७१ वर्षांची. दोन डब्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

तिनं ते फोटो मला पुढे पाठवले आणि खाली लिहिलं, “सोमवारी पाच जणींना घेऊन त्वचेच्या ओपीडीत जाते आहे. पुढच्या दारानं.”